मास्तरांनी काय शिकवावे? कार्थेजपासून गोव्यापर्यंत एक जुना प्रश्न

मी शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवतो. आमच्याकडे दोन्ही माध्यमांच्या तुकड्या आहेत, त्यामुळे एका तासाला नज्म आणि पुढच्या तासाला अभंग असा माझा दिवस जातो. वीस वर्षांत यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते. गेल्या आषाढात मात्र एकाच महिन्यात दोन माणसांनी मला दोन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग चाचांनी विचारला. "मास्तर, आमची नात सांगत होती, तुम्ही वर्गात तुकारामाचा अभंग चालीवर म्हणता म्हणे. मुसलमानाला हे चालतं का?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. दुसरा प्रश्न शाळेच्या ऑफिसात एका पालकांनी विचारला. तेही शांतपणेच म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याची विठ्ठलावर श्रद्धाच नाही, त्यानं विठ्ठलाचा अभंग शिकवावा कसा?"

दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. ओळखत असते तर आपण एकच गोष्ट बोलतो आहोत हे पाहून त्यांना नवल वाटले असते. माणूस जे मानत नाही ते त्याने शिकवू नये, असे दोघांचेही म्हणणे. चाचांना माझ्या ईमानाची चिंता, पालकांना अभंगाची. मी दोघांना त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावर वाचत बसलो, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न अठराशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती मास्तरांना पडला होता, आणि त्याची उत्तरे शोधताना त्या समाजाने बरेच काही सोसले होते.

मंडईतले मांस

आज ख्रिस्ती म्हटले की आपल्यासमोर मोठमोठी चर्च आणि बलाढ्य देश येतात. पहिली तीनशे वर्षे तसे नव्हते. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोक मूठभर होते. आजूबाजूचे सगळे जीवन देवळांशी बांधलेले होते. सण देवांचे, खेळ देवांच्या नावाने, सरकारी कामाआधी यज्ञ, सैन्यात निशाणांची पूजा. एकच ईश्वर मानणाऱ्या माणसाने अशा शहरात राहायचे कसे, हा रोजचा सवाल होता.

तो सवाल पहिल्यांदा कोरिंथ या ग्रीक शहरात स्वयंपाकघरातून आला. देवाला बळी दिलेल्या जनावराचे मांस पुढे बाजारातही विकले जाई. ते ख्रिस्ती माणसाने खावे का? सेंट पॉलने इ.स. ५५ च्या सुमारास कोरिंथकरांना पत्र लिहिले, त्यात याचे उत्तर आहे. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा : मूर्तीत काही सामर्थ्य नाही, म्हणून मंडईत जे विकत मिळते ते चौकशी न करता खा. पण समोरच्याने 'हा नैवेद्य आहे' असे सांगितले, तर त्याच्यासाठी म्हणून खाऊ नका. आणि देवळातल्या पंगतीला बसून दोन्हीकडचे होऊ नका. जबह आणि हलाल-हरामच्या चर्चेत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही अडचण नवी वाटणार नाही. आपला हुकूम वेगळा आहे, पण अडचण ओळखीची आहे.

कार्थेजचा कडक माणूस

पुढे दीडशे वर्षांनी, इ.स. २०० च्या आसपास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात टर्टुलियन नावाच्या लेखकाने 'मूर्तिपूजेविषयी' असे एक पुस्तकच लॅटिनमध्ये लिहिले. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिस शहराचे उपनगर. टर्टुलियन स्वभावाने कडक, भाषेने धारदार. त्याचे म्हणणे असे की लोकांना वाटते, धूप जाळला किंवा बळी दिला तरच मूर्तिपूजा होते. तेवढेच टाळले की आपण सुटलो, ही समजूत चुकीची आहे. मूर्तिपूजा धंद्यात, पोशाखात, सणावारात, बोलण्यात, कर्जाच्या कागदातही शिरते.

मग तो एकेक धंदा घेतो. मूर्ती घडवणारा कारागीर म्हणतो, माझ्या पोटाचे काय? टर्टुलियन त्याला सांगतो की तुझा हुन्नर टाकू नकोस, त्याचे काम बदल. लाकडातून युद्धदेव मार्स कोरणाऱ्याला कपाट बनवणे काय जड आहे? गिलावा करणाऱ्याने घरांच्या भिंती आणि छपरे धरावीत. धूप विकणाऱ्याचा मामला जरा नाजूक, कारण धूप औषधात लागतो आणि ख्रिस्ती लोक मयतीच्या वेळीही वापरतात. तरी तो विचारतो, ज्या वेदीवर तूच पुरवलेला धूप जळतो आहे, तिचा निषेध तू कोणत्या तोंडाने करणार?

सणांबद्दल तो आपल्याच माणसांवर चिडलेला दिसतो. सॅटर्नेलियाच्या आणि नववर्षाच्या भेटी ख्रिस्ती घरांत येतात आणि जातात. बादशहाच्या आनंदोत्सवात तर ख्रिस्ती लोकांच्याच दारांवर जास्त दिवे आणि तोरणे, अशी त्याची तक्रार आहे. या तक्रारीवरून एक गोष्ट कळते. सामान्य ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यांसोबत मिळूनमिसळून राहत होता आणि टर्टुलियनचे सगळे ऐकत नव्हता.

पण या कडक माणसाच्या पुस्तकात मला दोन जागा फार समजूतदार वाटल्या. एक म्हणजे घरगुती समारंभांची. साखरपुडा, लग्न, मुलाचे नाव ठेवणे, मुलगा वयात आल्याचा समारंभ, इथे जायला हरकत नाही असे तो म्हणतो. तिथे यज्ञ होत असला तरी मी यज्ञासाठी गेलेलो नाही, माणसासाठी गेलो आहे. मी तिथे बघणारा असेन, करणारा नाही. मात्र यज्ञ करणाऱ्याच्या हातात मद्याचा पेला देणे म्हणजे त्यात भाग घेणे, ही सीमाही तो आखून ठेवतो.

दुसरी जागा नावांची. शहरातल्या गल्ल्यांना आणि चौकांना देवतांची नावे होती. 'मी इसिसच्या गल्लीत राहतो' असे म्हटल्याने इसिस देवीची पूजा होते का? नाही, असे टर्टुलियन सांगतो. नाव घेणे ही बोलण्याची गरज आहे. त्या देवतेची शपथ घेणे मात्र वेगळे. हे वाचताना मी हसलो. मी शनिवारी सकाळी मुंबईची गाडी पकडतो, यात शनी आला आणि मुंबादेवीही आली. तरी माझा कलमा जागच्या जागी असतो.

मास्तरांची पाळी

याच पुस्तकात एक प्रकरण शाळामास्तरांवर आहे, आणि तिथे माझे हसू थांबले.

रोमन शाळेत शिकवायचे म्हणजे होमर आणि व्हर्जिल शिकवायचे. म्हणजे देवांची नावे, त्यांच्या वंशावळी, त्यांच्या कथा. शिवाय नव्या विद्यार्थ्याची पहिली फी विद्येची देवी मिनर्व्हा हिला वाहायची, सणांना शाळा फुलांनी सजवायची, सणांच्या हिशेबानेच आपला पगार गोळा करायचा. आपल्याकडच्या दसऱ्याच्या पाटीपूजनाची आठवण करून देणारे हे चित्र आहे. टर्टुलियनचा निकाल असा : ख्रिस्ती माणसाने साहित्य शिकावे, पण शिकवू नये. शिकल्याशिवाय चालणारच नाही, कारण या विद्येवाचून धर्माचा अभ्यासही करता येत नाही. शिकणारा विद्यार्थी आधीच श्रद्धावान असेल तर काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे त्याला ठाऊक असते. विष हातात आले तरी ओळखून न पिणाऱ्यासारखा तो असतो. शिकवणारा मात्र जे शिकवतो त्याची शिफारस करतो, त्याला आपल्या तोंडाने दुजोरा देतो.

आमच्या चाचांचा प्रश्न हाच होता. वर्गात अभंग चालीवर म्हणणे हा दुजोरा आहे का?

ख्रिस्ती मास्तरांनी टर्टुलियनचे ऐकले नाही. पुढच्या दीडशे वर्षांत ख्रिस्ती शिक्षक साम्राज्यभर होमर शिकवत होते, आणि त्यांतले काही नामांकित होते. अथेन्समध्ये प्रोहेरेसियस होता. रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनस होता, ज्याचा पुतळा त्याच्या हयातीतच शहरातल्या चौकात उभा राहिला होता. त्यांनी दाखवून दिले की कविता समजावून सांगणे म्हणजे तिच्यातल्या देवापुढे वाकणे नव्हे.

बादशहाचा हुकूम

मग इ.स. ३६२ साल उजाडले. तोवर साम्राज्याची सत्ता ख्रिस्ती घराण्याकडे गेली होती, पण त्याच घराण्यातला ज्युलियन बादशहा झाला आणि त्याने जुन्या देवांचा धर्म उघडपणे स्वीकारला. त्याने शिक्षकांसाठी कायदा काढला आणि एका पत्रात आपले कारणही सांगितले. ते कारण साधे होते : होमरचे देव खोटे आहेत असे मानायचे आणि त्याच होमरवर पोट भरायचे, ही अप्रामाणिकपणाची गोष्ट आहे. ख्रिस्ती मास्तरांनी एक तर ते देव मानावेत, नाहीतर आपल्या चर्चमध्ये जाऊन मॅथ्यू आणि ल्यूक शिकवावेत. ख्रिस्ती मुलांना मात्र शाळेत येऊन शिकायला त्याने मनाई केली नाही.

वाचकहो, टर्टुलियनचा निकाल पुन्हा आठवून पाहा. शिकावे, पण शिकवू नये. जुन्या देवांचा भक्त असलेला बादशहा आणि त्या देवांचा कट्टर विरोधक, दोघे एकाच जागी येऊन पोचले होते. फरक एवढाच की पहिल्याने आपल्या भावांना नसीहत केली होती, ऐकणे न ऐकणे त्यांच्या हाती होते. दुसऱ्याने हुकूम काढला, आणि मास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. व्हिक्टोरिनसने शाळा सोडली. प्रोहेरेसियस हा बादशहाचा जुना शिक्षक, म्हणून त्याला सूट देऊ केली होती, तरी त्याने स्वतःहून पद सोडले, असे जेरोम हा ख्रिस्ती लेखक नोंदवतो. ज्युलियनचा चाहता असलेला इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस हा स्वतः ख्रिस्ती नव्हता, तरी त्यालाही हा हुकूम निष्ठुर वाटला.

या मनाईवर अपोलिनारिस नावाच्या बापलेकांनी एक तोड काढली. होमर शिकवता येत नाही ना, मग बायबलच होमरच्या वृत्तात लिहू. मुलाने येशूचे शुभवर्तमान प्लेटोच्या संवादांच्या धाटणीत बसवले. मेहनत मोठी होती, पण ती टिकली नाही. ज्युलियन पुढच्याच वर्षी, ३६३ मध्ये, इराणच्या मोहिमेत मारला गेला. ३६४ मध्ये शिक्षकांवरची बंदी उठली. ख्रिस्ती मास्तर परत होमरकडे गेले आणि अपोलिनारिसांची पुस्तके विस्मृतीत गेली.

पुढे बेसिल या ख्रिस्ती धर्मगुरूने तरुणांना ग्रीक साहित्य कसे वाचावे यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने मधमाशीचा दाखला दिला. ती सगळ्याच फुलांवर बसत नाही, आणि जिथे बसते तिथलेही सगळे उचलत नाही. बेसिल अथेन्सच्या शाळांत शिकलेला होता, त्यामुळे तो कशाबद्दल बोलतो आहे हे त्याला माहीत होते.

हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यावर

बाराशे वर्षांनी हा सवाल पोर्तुगिजांच्या गोव्यात आला, तेव्हा चित्र पार बदलले होते. ख्रिस्ती धर्म आता मूठभरांचा नव्हता, राज्यकर्त्यांचा होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्या गोमंतकीयांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्यासाठी फादर स्टीफन्स या मूळच्या इंग्लिश जेझुइटाने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, विषय बायबलचा, आणि स्वर्गासाठी चक्क 'वैकुंठ' हा शब्द. स्टीफन्सला भाषेची भीती वाटली नाही. शब्द लोकांचा आहे, तो कुठे वळवायचा हे आपल्या हाती आहे, अशी त्याची धारणा असावी.

पण सत्तेचा रोख वेगळा होता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आले होते. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि देशी भाषा सोडावी. आणि १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने ख्रिस्ती लोकांच्या घरातल्या चालीरीतींची एक यादीच काढून त्यांवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकरांनी या न्यायालयाचा इतिहास लिहिला आहे. ती यादी वाचताना कळते की संशय किती खोलवर पोचला होता. दारी तुळस नको. लग्नात विडे वाटायचे नाहीत, लग्नाची गाणी गायची नाहीत, हळद नको. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. एवढेच काय, भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात.

बिनमिठाच्या भातात कोणती मूर्ती बसली होती? टर्टुलियनने आयुष्यभर काथ्याकूट करून नाव आणि पूजा, हजेरी आणि सहभाग यांत फरक केला होता. गोव्याच्या न्यायालयाने तो फरकच पुसून टाकला. जे जे शेजाऱ्यासारखे, ते ते संशयाचे. एके काळी माणूस स्वतःला विचारायचा, 'मी कुठे वाकतो आहे का?' आता शेजारीपाजारी चुलीवरच्या भांड्यात डोकावू लागले. एवढे करूनही गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून कोकणी गेली नाही, लग्नातले रोस आणि ओव्याही गेल्या नाहीत. न्यायालय मात्र १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

माझे उत्तर

हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की आपण मुसलमान या प्रश्नात एकटे नाही, आणि पहिलेही नाही. शिर्क हा आपल्याकडे सर्वांत मोठा गुन्हा आहे, त्यात तडजोड नाही. पण शिर्क कशाला म्हणायचे याबाबत आपल्या बुजुर्गांनीही मोठी समज दाखवली आहे. इम्रुउल कैस हा इस्लामपूर्व अरबस्तानचा कवी, मूर्तिपूजेच्या काळातला. त्याची कविता आजही मदरशांत शिकवली जाते, कारण तिच्याशिवाय कुरआनची अरबी नीट उलगडत नाही. ती शिकवणाऱ्या मौलानांच्या ईमानाबद्दल कुणी शंका घेत नाही. आणि सूरह अल-अनआमच्या १०८ व्या आयतीत, इतर लोक अल्लाहखेरीज ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलू नका, असा हुकूम आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी अदबीने बोलणे हे आपल्याच दीनचे शिक्षण आहे.

चाचांना मी आता असे सांगितले : मी अभंगाचा अर्थ सांगतो, त्याची चाल सांगतो, तुकोबांनी दुष्काळात काय भोगले ते सांगतो. मुले विठ्ठलाबद्दल विचारतात तेव्हा वारकरी काय मानतात ते आदराने सांगतो. पण मी जे मानत नाही ते मानतो असे कधी दाखवत नाही. दसऱ्याला पाटीपूजन असते तेव्हा मी वर्ग झाडून घ्यायला, पाट मांडायला मुलांसोबत असतो, पण आरतीला हात जोडत नाही. मुलांना ते माहीत आहे आणि त्यांना त्यात काही वाटत नाही. पाट मांडणे म्हणजे पेला हातात देणे होते का, हा टर्टुलियनचा काटा मात्र मला टोचत राहिला. त्याचा विचार मी करतो आहे. तो मलाच करायचा आहे.

त्या पालकांना मी ज्युलियनची गोष्ट सांगितली. म्हणालो, "साहेब, ज्यानं मानावं त्यानंच शिकवावं असा नियम केला, तर ग़ालिब शिकवायला फक्त मुसलमान उरतील आणि ज्ञानेश्वर शिकवायला फक्त वारकरी. मग मराठी आपल्या दोघांची राहणार नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात याच मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. त्यांना कुणी अडवलं असतं तर?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरगं म्हणतं, सर अभंग चांगला समजावतात." एवढेच बोलून ते उठले.

चाचा अजून पुरते राजी नाहीत. गेल्या जुम्याला म्हणाले, "मास्तर, ध्यान ठेवा, आदमी हळूहळू घसरतो." त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही, कारण टर्टुलियनलाही हीच भीती होती आणि ती खोटी नव्हती. मी त्यांना म्हणालो, "चाचा, मी घसरताना दिसलो तर मला हात धरून सांगा. फक्त ते मलाच सांगा, ऑफिसात अर्ज नका देऊ." ते हसले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मशिदीच्या पायऱ्या उतरू लागले.